आजचा कवी, मागचे अंक

नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या चांगल्या कवीचा संग्रह पुस्तकांच्या दुकानात मागून बघा. दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणतो आणि बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. आवृत्ती तीनशे-पाचशे प्रतींची. त्यातल्या बऱ्याचशा कवीनं स्वतःच वाटलेल्या, काही पुरस्कारांच्या पाकिटांतून गेलेल्या, थोड्या ग्रंथालयांच्या खरेदीत लागलेल्या. दुसरी आवृत्ती निघाली तर ती बातमी होते. पण त्याच कवीच्या कविता ‘प्रतिष्ठान’, ‘अस्मितादर्श’, ‘अनुष्टुभ’, ‘कविता-रती’, ‘अक्षरगाथा’ अशा नियतकालिकांच्या आणि दैनिकांच्या दिवाळी अंकांच्या मागच्या पानांत विखुरलेल्या असतात. संग्रहात न घेतलेल्या कविता तिथं असतात, घेतलेल्यांची पहिली रूपंही तिथंच असतात.

अशा मागच्या अंकांतून आजच्या कवीचं दर्शन वाचकाला घडवायचं तर ते कसं? आपल्याकडे ते कसं घडवलं गेलं आणि कुठं फसतं? या प्रश्नाचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपण कवीला गौरवतो, त्याच्या कवितेच्या तारखा मात्र हरवून टाकतो. आणि तारीख हरवली की मराठवाड्यातल्या कवितेचा अर्धा अर्थ हरवतो.

हे नीट कळायला थोडं मागं जावं लागतं. निजामाच्या राज्यात शिक्षण आणि कारभार उर्दूतून. मराठी छापखाने मोजके, सभा-संमेलनांवर बंधनं. लक्ष्मणराव फाटकांनी 1920 साली हैदराबादेतून ‘निजाम विजय’ काढलं, हेच मोठं धाडस होतं. आ. कृ. वाघमारे यांचं ‘मराठवाडा’ साप्ताहिक 1938 पासून निजामी बंदी चुकवत, नाव बदलून बदलून निघत राहिलं. पुढं अनंत भालेरावांच्या हाती ते या भागाचं दैनिक झालं. अशा मुलखातला कवी पुस्तकाची वाट बघत बसला असता तर लिहिलंच नसतं. त्याला नियतकालिकच गाठावं लागायचं, आणि तेही पुण्या-मुंबईचं.

नांदेडचे वा. रा. कांत हे याचं ठळक उदाहरण. जन्म 1913चा, नांदेडचा. आधी निजाम सरकारच्या शेतकी खात्यात नोकरी, मग रेडिओवर हैदराबाद, औरंगाबाद, मुंबई असा प्रवास. ‘रुद्रवीणा’ 1947मध्ये आणि ‘शततारका’ 1950मध्ये आलं, म्हणजे हैदराबाद संस्थानावरच्या 1948च्या पोलिस कारवाईच्या अलीकडे एक संग्रह आणि पलीकडे एक. सर्वसामान्य मराठी माणसाला कांत माहीत आहेत ते श्रीनिवास खळ्यांनी चाल लावलेल्या आणि वसंतराव देशपांड्यांनी गायलेल्या बगळ्यांच्या गाण्यामुळे. गाणं सुंदरच आहे. पण त्या एका गाण्यानं कवीला जसं तारलं तसं झाकूनही टाकलं. संस्थानी राजवटीत, उर्दूच्या शेजारात, 1930 ते 1948 या काळात हा माणूस नेमकं काय लिहीत होता आणि कुठल्या महिन्यात लिहीत होता, हे त्यांचे संग्रह क्रमानं सांगत नाहीत. ते त्या काळच्या मासिकांच्या अंकांतच सापडेल. कांत 1991मध्ये गेले. कायद्यानं त्यांच्या कवितेवर 2051 अखेर वारसांचा हक्क आहे. म्हणजे परवानगी घेऊन हे काम करता येतं, करणारा हवा.

नियतकालिकातली कविता आणि संग्रहातली कविता या दोन वेगळ्या वस्तू असतात, हे मराठी वाचकाला नवं नाही. मर्ढेकरांची उंदरांची कविता 1946 साली ‘अभिरुची’त आली, तेव्हाचा गदारोळ त्या अंकाच्या आसपासच्या पत्रव्यवहारात जिवंत आहे, संग्रहात ती कविता अभिजात होऊन शांत बसलेली दिसते. वसंत आबाजी डहाके यांचं ‘योगभ्रष्ट’ 1966च्या ‘सत्यकथे’त आधी आलं, पुस्तक पुढं काही वर्षांनी. बंगालीत बुद्धदेव बसूंनी 1935 साली ‘कविता’ हे नियतकालिक काढलं. जीवनानंद दास हा कवी वाचकांसमोर उभा राहिला तो बराचसा त्या पानांवरून. शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकानं 1912 पासूनचे अंक वाचकांना खुले केले आहेत. एलियटची प्रुफ्रॉकवरची कविता जून 1915च्या अंकात कोणत्या कवितांच्या शेजारी बसली होती, हे लातूरचा विद्यार्थीही आज मोबाइलवर बघू शकतो. त्याच विद्यार्थ्याला 1980च्या ‘प्रतिष्ठान’चा एखादा अंक बघायचा असेल तर मात्र बस धरावी लागते.

आता इकडच्या नियतकालिकांकडे वळू. ‘प्रतिष्ठान’ हे मराठवाडा साहित्य परिषदेचं मुखपत्र, औरंगाबादेतून (आताचं छत्रपती संभाजीनगर) निघणारं. संस्थेचं मुखपत्र म्हटलं की गुळमुळीतपणा आलाच, आणि तो त्यात अधूनमधून येतोही. पण या भागातल्या नव्या कवीला पहिली जागा देण्याचं काम त्यानं सातत्यानं केलं. गंगाधर पानतावण्यांनी 1967-68च्या सुमारास उभं केलेलं ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक ही वेगळीच गोष्ट. ते नुसतं त्रैमासिक नव्हतं, त्याचे लेखक-वाचक मेळावे व्हायचे, आणि खेड्यातून आलेल्या मुलानं तिथं वाचलेली कविता अंकात छापून यायची. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा समजायला हे अंक वाचावेच लागतात. जुलै 1978मध्ये विधिमंडळाचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. नोव्हेंबर 1993मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला पेटवून घेतलं. जानेवारी 1994मध्ये नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत लिहिलेली कविता आज संग्रहात वाचताना ती 1978ची की 1994ची, हे कळत नाही. राग दोन्हींत आहे. पण 1978चा राग जळणाऱ्या घरासमोरचा आहे आणि 1994चा एक लढा अर्धा जिंकल्यावरचा. कवितेखाली तारीख नसेल तर समीक्षक दोन्ही रागांना ‘विद्रोह’ हे एकच लेबल लावून मोकळा होतो.

लातूरच्या बाबतीत तर हे आणखी लख्ख दिसतं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. त्या वर्षीची दिवाळी 13 नोव्हेंबरला. म्हणजे दिवाळी अंकांची पानं लागत असतानाच औसा-निलंगा-उमरग्याच्या पट्ट्यात ढिगारे उपसले जात होते. त्या दिवाळी अंकांत घाईनं घातलेल्या कविता आणि पाच-सात वर्षांनी, पुनर्वसनाच्या गावांत सिमेंटच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्यावर लिहिलेल्या कविता यांत जमीन-अस्मानाचं अंतर असणार. पहिलीत आकांत, दुसरीत नव्या घराचा परकेपणा. ‘भूकंपाच्या कविता’ म्हणून त्यांची एकत्र मोट बांधली की दोन्हींवर अन्याय होतो. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातल्या कवितांचंही तसंच. त्या कविता दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांत आल्या. नांदेडची ‘प्रजावाणी’ आणि ‘उद्याचा मराठवाडा’, लातूरचं ‘एकमत’ यांच्या पुरवण्या आणि दिवाळी अंक हा या भागातल्या कवितेचा दुसरा मोठा साठा आहे, आणि तो सर्वांत कच्चा आहे. वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो.

अंक हातात घेतला की काय दिसतं, हे ज्यांनी जुनी नियतकालिकं चाळलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आधी ‘वर्ष अमुक, अंक तमुक’ ही ओळ. ती बऱ्याचदा फसवी असते, कारण पैसे नसले की दोन अंकांचा जोडअंक निघतो आणि जानेवारीचा अंक जूनमध्ये पोस्टात पडतो. खरी तारीख शोधायची तर मार्चच्या सुमाराचा अंक बघावा. नियतकालिकांना दरवर्षी फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म नं. 4’ छापावा लागायचा. प्रकाशनस्थळ, मुद्रक, संपादक, मालकी, खाली सही आणि तारीख. वाचक तो चौकोन बघतही नाही, संशोधकाला मात्र त्या चौकोनात नियतकालिकाचं सारं चरित्र मिळतं: छापखाना कधी बदलला, संपादकाचं घर कुठल्या गल्लीतून कुठल्या कॉलनीत गेलं. मग अनुक्रमणिका. कविता कोणाच्या शेजारी आहे? लेख संपून उरलेल्या अर्ध्या पानात बसवलेली की स्वतंत्र पानावर? शेवटी लेखकांचे पत्ते. पोस्ट अमुक, तालुका मुखेड. पोस्ट तमुक, तालुका देवणी. पुढं नाव झालेला कवी इथं ‘जि. प. शाळा’ असा पत्ता देऊन उभा असतो. हे सगळं कवीच्या कवितेचा भाग आहे असं मी मानतो. संग्रहात यातलं काहीही येत नाही.

धुळ्याच्या ‘कविता-रती’चा वेगळा उल्लेख केला पाहिजे. पुरुषोत्तम पाटलांनी 1985 साली केवळ कवितेसाठी म्हणून हे द्वैमासिक सुरू केलं आणि अखेरपर्यंत, म्हणजे 2017पर्यंत, त्याचा ध्यास घेतला. ते काही मराठवाड्यातलं नियतकालिक नव्हे. पण नांदेड-लातूरच्या कवीला औरंगाबादची वाट न धरता थेट महाराष्ट्रभर पोचवणारी जागा ती होती. शिवाय कवी आणि त्याची समीक्षा एकाच अंकात ठेवण्याची सवय त्यांनी लावली. कवीचं दर्शन घडवण्याची जी रीत मला सर्वांत निकोप वाटते, ती हीच: पाच-सात कविता सलग, आणि त्यावर कुणा जाणत्याचं टिपण, तेही कौतुकाच्या पायघड्या न घालता.

नांदेडहून मा. मा. जाधव यांनी काढलेलं ‘अक्षरगाथा’ हे नव्या पिढीचं त्रैमासिक. नांदेडनं एकेकाळी नरहर कुरुंदकरांसारखा समीक्षक दिला, 1982मध्ये ते गेल्यावर बराच काळ गावाला स्वतःचं वाङ्मयीन पीठ नव्हतं. त्या दृष्टीनं ‘अक्षरगाथा’चं मोल आहे. पण या काळातल्या सगळ्याच मराठी वाङ्मयीन नियतकालिकांवर एक संकट आलं, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या बढतीला छापील शोधनिबंधांचे गुण जोडले, मग 2018पासून मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली. ज्यांच्याकडे आयएसएसएन क्रमांक होता त्या नियतकालिकांकडे निबंधांचा लोंढा वळला. पानं वाढली, वर्गणीदार वाढले, आणि कविता शेवटच्या दोन पानांवर सरकली. संपादकांना दोष देण्यात अर्थ नाही. निबंधाच्या पैशावर अंक निघतो, कवितेच्या नव्हे. फेब्रुवारी 2025मध्ये आयोगानं ती यादीच बंद केली. तेव्हा आता तरी ती पानं कवितेला परत मिळतील का, हे बघायचं.

या पार्श्वभूमीवर आजचे कवी कोण? सगळ्यांची हजेरी घेणं हा या लेखाचा हेतू नाही, तेव्हा मला ज्यांच्याबाबत मागचे अंक उघडणं गरजेचं वाटतं तेवढीच नावं घेतो.

लातूरचे फ. म. शहाजिंदे. ‘निधर्मी’सारखं शीर्षक देणारा, मुस्लिम मराठी साहित्य चळवळीतला, शेतीशी जोडलेला हा कवी. त्यांच्याबद्दल बोलताना लोक चळवळीबद्दल बोलतात आणि कविता बाजूलाच राहते. अंकांमधून त्यांना सलग वाचलं तर चळवळीआधीचा कवी कसा होता, हे तरी कळेल.

श्रीकांत देशमुखांना ‘बोलावे ते आम्ही’साठी 2017चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘बळीवंत’, ‘आषाढमाती’पासून कुणबी माणसाच्या जगण्याशी त्यांची कविता बांधलेली आहे. पुरस्कारानंतर सगळे तो एक संग्रह वाचतात. नव्वदच्या दशकात ग्रामीण कवितेची लाट आली तेव्हा तिच्यातल्या गोडगोड रानगाण्यांपासून ते वेगळे कुठं झाले, हे मात्र त्या दशकातल्या अंकांत शोधावं लागेल. माझ्या मते मराठवाड्यातल्या शेतीकवितेच्या इतिहासातला तो कळीचा मुद्दा आहे.

नांदेडच्या विद्यापीठात शिकवणारे पी. विठ्ठल यांनी आपल्या एका संग्रहाला ‘माझ्या वर्तमानाची नोंद’ असं नाव दिलं. नोंदच म्हटली की तिला तारीख हवी. ‘शून्य एक मी’मधला माणूस गाव सोडून आलेला, शहरानं न स्वीकारलेला, पडद्यांनी वेढलेला असा आहे, आणि या कवितेतला काळ पाच-पाच वर्षांनी बदलतो. 2005चं वर्तमान आणि 2015चं वर्तमान एका संग्रहात शेजारी बसवलं की दोन्ही धूसर होतात. ते स्वतः समीक्षक असल्यामुळे त्यांच्या कवितांशेजारी त्याच वर्षीचे त्यांचे लेख ठेवून वाचणं हा वेगळाच आनंद असेल.

वृषाली किन्हाळकर या व्यवसायानं स्त्रीरोगतज्ज्ञ. ‘वेदन’ आणि ‘तारी’ हे त्यांचे संग्रह. त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या सुचिता खल्लाळ यांचे ‘पायपोळ’, ‘तहहयात’, ‘प्रलयानंतरची तळटीप’. या दोघींना एकत्र ‘नांदेडच्या कवयित्री’ म्हणून बसवण्याची पद्धत आहे, ती मला आळशीपणाची वाटते. पहिलीत सोसण्याला शब्द देणं आहे, दुसरीत सोसण्याचा हिशेब मागणं आहे. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत नांदेडच्या सुशिक्षित बाईची भाषा कशी बदलली, ते अंकांच्या क्रमानं दाखवता आलं तर ते समाजशास्त्राच्या एखाद्या प्रबंधापेक्षा जास्त बोलकं होईल.

आणि मनोज बोरगावकर. 2019मध्ये ‘नदिष्ट’ ही कादंबरी आली, गोदावरीच्या काठची माणसं घराघरांत पोचली, आणि ‘कोरा कागद निळी शाई’ लिहिणारा कवी कादंबरीकाराच्या मागं गेला. कादंबरीतली नदी कवितेत आधी वाहत होती का? मागचे अंक काढल्याशिवाय याचं उत्तर देऊ नये.

दर्शन घडवण्याच्या प्रचलित रीती तीन. पहिली गौरवांक. साठी, पंचाहत्तरी किंवा पुरस्कार आला की निघतो. त्यात आठवणी ऐंशी टक्के, कविता वीस. दुसरी रीत ‘निवडक’. ती चांगली, पण बहुतेक ‘निवडक’ संग्रहांतून निवडतात, अंकांतून नाही, त्यामुळे कवीनं स्वतः वगळलेलं काही पुन्हा उजेडात येत नाही. तिसरी, संमेलनातलं वाचन. उदगीरला एप्रिल 2022मध्ये भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली पंच्याण्णवावं अखिल भारतीय संमेलन झालं, त्याच दिवसांत तिथं विद्रोही संमेलनही भरलं. दोन्हीकडे मंडपात कवींची रांग होती. कविकट्ट्यावर एकेकाला मिळतात दोन-तीन मिनिटं. चांगली कविता त्या गर्दीत येऊन जाते आणि तिचा कागद कवीच्या खिशातच परत जातो. समाजमाध्यमांवरच्या कवितेबद्दल काय बोलावं, तिचा मागचा अंक असतच नाही.

चौथी रीत व्हायला हवी. एक नियतकालिक, एक हयात कवी. त्या नियतकालिकात त्याच्या आलेल्या सगळ्या कविता काढायच्या, प्रत्येकीखाली अंक, महिना, वर्ष छापायचं, संग्रहात ती बदलली असेल तर दोन्ही पाठ शेजारी ठेवायचे. बदल कोणी केला, हे कवीलाच विचारायचं. बोलीतला शब्द संपादकानं प्रमाण केला होता का? कडवं जागेअभावी गेलं की नकोसं झालं म्हणून? ही उत्तरं कवी जिवंत असतानाच मिळतात. वगळलेली कविता पुन्हा छापायला तो नाही म्हणाला, तर त्याचा तो अधिकार मानायचा आणि नुसती नोंद ठेवायची. हक्क त्याचेच असतात, नियतकालिकाचे नाहीत. हे आपल्याकडचे संपादक अनेकदा विसरतात.

याला फार पैसा लागत नाही. आधी लागते सूची. जुन्या नियतकालिकांची सूची करणारे शंकर गणेश दाते यांच्यासारखे लोक आपल्याकडे होऊन गेले. त्यांचं काम 1950च्या आसपास थांबतं, आणि मराठवाड्याची खरी भर त्यानंतरची. नांदेडला 1994पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. दरवर्षी मराठीत पीएच.डी.ला बसणाऱ्यांना ‘अमुक यांच्या कवितेचा चिकित्सक अभ्यास’ हाच विषय द्यायचा की कुणाला ‘प्रतिष्ठान’च्या एका दशकाची, कुणाला ‘एकमत’च्या दिवाळी अंकांची सूची द्यायची, हे विभागांनी ठरवायचं आहे. सूचीला ‘संशोधन’ मानायला आपण तयार नसतो, ही अडचण आहे. माझ्या लेखी एक नीट केलेली सूची दहा ‘चिकित्सक अभ्यासां’पेक्षा जास्त दिवस उपयोगी पडते.

तोवर वाचकांना एक विनंती. मराठवाड्यातल्या कोणत्याही नियतकालिकाचे किंवा दैनिकाच्या दिवाळी अंकाचे जुने अंक घरात असतील तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला किंवा मराठीच्या प्राध्यापकाला एक फोन करा. अंक द्यायचे नसतील तर नका देऊ. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि ‘फॉर्म नं. 4’चं पान, एवढ्याचे फोटो काढून पाठवा. सूची तिथून सुरू करता येते.